हृदयाची तपासणी आधी कुणाची आणि कशाने?

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात हृदयतपासणीची दोन रूपे चांगलीच रुजली आहेत. एक रूप राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशा भागांतल्या खासगी तपासणी केंद्रांचे आहे. ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि वर सीटी स्कॅन असे सगळे एका दरात बसवलेले पॅकेज तिथे मिळते आणि त्याच्या सवलतीचे संदेश सणासुदीला मोबाइलवर येत राहतात. दुसरे रूप पेठांमधले आहे. एखादे तरुण मंडळ किंवा तालीम गणेशोत्सवात अथवा नेत्याच्या वाढदिवसाला मंडप घालून मोफत शिबिर घेते, दिवसभर रांगेने ईसीजी निघतात, ती कागदाची पट्टी घडी होऊन खिशात जाते आणि संध्याकाळी मंडप उतरतो. आपल्या माणसांचा जीव वाचावा ही शिबिर घेणाऱ्यांची इच्छा खरी असते, आणि पॅकेज घेणाऱ्याची काळजीही खरी असते. पण या दोन्ही रूपांत तपासणीचा क्रम उलटा झालेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना धोका कमी त्यांच्यावर महागडी यंत्रे चालतात आणि ज्यांना धोका जास्त त्यांचा रक्तदाबसुद्धा कुणी नीट मोजत नाही. हा क्रम सुलटा करणे बाजारावर सोडून चालणार नाही, कारण या उलट्या क्रमाची किंमत शेवटी सार्वजनिक तिजोरी आणि घरोघरची कुटुंबे मिळून भरत आहेत.

प्रश्न तातडीचा आहे, कारण हा रोग आपल्याकडे लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता. इतर देशांतल्या माणसांचे हेच सरासरी वय जवळजवळ ५९ होते. मुलांची शिक्षणे अर्ध्यावर आणि घराचे हप्ते चालू, अशा वयात हा रोग कर्त्या माणसाला गाठतो. राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांना ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती. शंभर वर्षांनंतर त्याच वयात जाणारी माणसे आपल्या गल्लीत आणि भावकीत असतात, आणि आज मात्र त्यांच्यातल्या पुष्कळांचा धोका आधी ओळखण्याची साधने आपल्या हाताशी आहेत. इंटरहार्टनेच २००४ साली दाखवले होते की जगभरातल्या पहिल्या झटक्यांचा बहुतांश हिशेब अवघ्या नऊ घटकांवर लागतो, आणि त्यांत तंबाखू, रक्तातल्या चरबीचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेर हे ठळक आहेत. यांतले बहुतेक घटक कळायला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही.

मग मोठ्या यंत्रांकडे इतका ओढा का? त्याचे एक कारण रोगाविषयीच्या आपल्या कल्पनेत आहे. बहुतेकांच्या मनात धमनी म्हणजे गंज चढलेला नळ असतो: आतून थर चढत जातो, भोक बारीक होते आणि एके दिवशी नळ बंद पडतो. हे चित्र अर्धेच खरे आहे. चरबीचा थर साठतो तो धमनीच्या भिंतीत. शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली दाखवून दिले की थर वाढू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते आणि थराने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही. अनेक झटके येतात ते अशाच, वाट फारशी न अडवणाऱ्या थरावरचे पातळ आवरण फाटून आणि त्यावर रक्ताची गुठळी बसून. म्हणून काल संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारलेला माणूस पहाटे छातीत कळ येऊन कोसळतो आणि घरचे सांगत राहतात की मागच्याच महिन्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते. ते रिपोर्ट खोटे नसतात. धमनीची वाट आज अडली आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिलेले असते. हा माणूस पुढच्या दहा वर्षांत झटक्याच्या वाटेवर आहे का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

शरीरात काहीही न घालता, बाहेरून करायच्या तपासण्यांपैकी कोणती काय पाहते हे माहीत असले तर निम्मा गोंधळ मिटतो. ईसीजी हृदयाची विद्युतक्रिया टिपतो. त्याचे तंत्र विकसित करणाऱ्या विलेम आइन्टहोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळाले आणि आजही झटका चालू असताना किंवा ठोके अनियमित पडत असताना त्याच्याइतके झटपट आणि स्वस्त साधन दुसरे नाही. परंतु काही दुखत नसताना, खुर्चीवरून उठून पलंगावर आडवे होऊन काढलेला ईसीजी धमन्यांत भरपूर रोग असलेल्या माणसाचाही नॉर्मल येऊ शकतो. टू-डी इको हृदयाचे स्नायू आणि झडपा दाखवते, धमन्यांच्या आत काय चालले आहे ते दाखवत नाही. ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढताना दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेण्याची रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. तिच्यात दोष दिसायला धमनीची वाट बरीच, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास, अडलेली असावी लागते. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली शिफारस केली की लक्षणे नसलेल्या आणि धोका कमी असलेल्या प्रौढांचा ईसीजी, विश्रांतीतला असो वा ट्रेडमिलवरचा, चाळणी म्हणून, म्हणजे धोक्यातली माणसे वेगळी काढण्यासाठी, काढू नये. आपल्याकडच्या शिबिरांत आणि पॅकेजांत नेमका तोच सर्वांत आधी निघतो.

यामागचे गणित प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावे असे आहे. १९८९ साली १४७ अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीनुसार ट्रेडमिल चाचणी धमनीरोग असलेल्या शंभरांपैकी ६८ जणांना पकडते आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी ७७ जणांना निर्दोष ठरवते. आता समजा, कोणतीही तक्रार नसलेली हजार माणसे ट्रेडमिलवर चढवली आणि त्यांच्यातल्या ५० जणांना खरोखर रोग आहे. चाचणी त्यांपैकी ३४ जणांना पकडेल, १६ जणांना "नॉर्मल" सांगून घरी पाठवेल आणि उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी सुमारे २१८ जणांना दोष असल्याचे सांगेल. म्हणजे "पॉझिटिव्ह" रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या सुमारे २५० माणसांत खरे रोगी ३४, सातांत एक. उलट, चढ चढताना छातीवर दाब येतो आणि थांबले की जातो अशी तक्रार असलेली हजार माणसे घेतली आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना रोग असला, तर तेच यंत्र, तोच पट्टा आणि तोच तंत्रज्ञ असतानाही पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी चारांत तीन खरे निघतात. चाचणीचा खरेपणा यंत्राइतकाच पट्ट्यावर कोण उभा आहे यावरही अवलंबून असतो. पॅकेज विकणाऱ्या पत्रकात मला हे गणित कधी आढळलेले नाही.

खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा नुसता मनस्ताप असता तरी एक वेळ सोसता आला असता. पण त्यानंतर अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचे चित्र घेण्याची तपासणी, येते, ती मनगटातून किंवा मांडीतून नळी घालून करावी लागते, आणि त्यात ५०-६० टक्क्यांचा एखादा "ब्लॉकेज" दिसला की घरच्यांना झोप लागत नाही. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, टाकून मोकळे व्हावे असे सगळ्यांनाच वाटते. २००७ सालच्या करेज या चाचणीत २,२८७ रुग्णांवर आणि २०२० सालच्या इस्केमिया या चाचणीत ५,१७९ रुग्णांवर हेच तपासले गेले. ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांना औषधांच्या जोडीला आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके कमी होतात का? दोन्ही वेळा उत्तर आले की होत नाहीत, छातीतले दुखणे मात्र अधिक चांगले आटोक्यात येते. इथे गैरसमज राहू नये म्हणून लिहितो: झटका चालू असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते आणि त्या वेळी एक मिनिटही दवडू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाले तर गॅस झाला असेल म्हणून सोडा पीत बसणे घातक आहे. ती वेळ चाळणी तपासणीची नसते, थेट रुग्णालय गाठण्याची असते. या लेखाचा विषय त्याआधीची वर्षे हा आहे.

त्या वर्षांसाठी एक मोठे यंत्र खरोखर उपयोगी आहे आणि त्याला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन सुईशिवाय आणि रंगद्रव्याशिवाय, एक श्वास रोखून धरण्याइतक्या वेळात होतो. त्याचे गुणांकन आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडले. शून्य गुण आले तर पुढची काही वर्षे झटक्याची शक्यता कमी, शंभरच्या वर गेले तर कोलेस्टेरॉलचे औषध सुरू करण्याची बाजू भक्कम, आणि चारशेच्या वर गेले तर रोग बराच पसरलेला आहे असे समजायचे. अमेरिकेतल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याची जागाही नेमकी सांगितली आहे: ज्यांचा धोका मधला आहे आणि औषध द्यावे की नाही हे ठरत नाही, त्यांच्यासाठी. ज्याचा धोका उघड आहे त्याला औषध द्यायला स्कॅनची वाट पाहू नये, आणि ज्याचा धोका नगण्य आहे त्याला उगीच किरणोत्सर्ग देऊ नये. तंबाखू खाणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या चाळिशीच्या माणसाने शून्य गुण पाहून निर्धास्त होणेही बरोबर नाही, कारण कोवळ्या थरात कॅल्शियम असतेच असे नाही.

सीटी अँजिओग्राफीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिच्यात शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागते आणि धमन्यांचे चित्र स्पष्ट मिळते. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या ४,१४६ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांची ही तपासणी झाली त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के राहिले आणि इतरांत ते ३.९ टक्के होते. पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतल्या अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपास यांची संख्या जवळपास सारखीच भरली. फरक होता तो औषधांचा: रोग डोळ्यांनी दिसल्यामुळे डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या अधिक जणांना लिहिल्या आणि रुग्णांनी त्या घेतल्या. यंत्राने जीव वाचवला असे आपण म्हणू तेव्हा त्यातला मोठा वाटा रोज रात्री न चुकता घेतलेल्या गोळीचा असतो, आणि ती गोळी ज्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही त्याला ते चित्र कितीही स्पष्ट निघाले तरी काय कामाचे?

डेन्मार्कमधल्या दोन मोठ्या प्रयोगांची तुलना या वादात मला निर्णायक वाटते. दोन्ही ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांवर झाले. पहिल्यात, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, सुमारे ५० हजार पुरुषांपैकी निम्म्यांना पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी, घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब अशा तीनच साध्या तपासण्यांसाठी बोलावले. साडेचार वर्षांच्या आतच त्या गटातले मृत्यू ७ टक्क्यांनी कमी झाले आणि बोलावलेल्या दर १६९ जणांमागे एक जीव वाचला. दुसऱ्यात, ज्याचे निष्कर्ष २०२२ साली आले, तपासण्यांत सीटी स्कॅनची भर घातली होती. साडेपाच वर्षांनंतर बोलावलेल्यांत १२.६ टक्के आणि न बोलावलेल्यांत १३.१ टक्के मृत्यू झाले होते आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निश्चित म्हणण्याजोगा नव्हता. दुसरा प्रयोग अपयशी ठरला असे मी म्हणणार नाही, कारण फरकाची दिशा बरोबर होती. पण यंत्र मोठे झाले म्हणून लाभ मोठा झाला नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

घोट्याच्या रक्तदाबाची ही तपासणी आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे, म्हणून ती कशी होते ते सविस्तर सांगतो. माणसाला पाच-दहा मिनिटे पलंगावर शांत निजवतात. दोन्ही दंडांचा दाब घेऊन झाला की तोच पट्टा घोट्याच्या वर बांधतात, पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे थोडी जेली लावून पेनाएवढ्या डॉप्लर यंत्राने धमनीचा आवाज शोधतात. पट्टा फुगत जातो तसा तो आवाज बंद पडतो आणि हवा सोडताना ज्या आकड्यावर पुन्हा ऐकू येतो तो घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचे. एरवी घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो. दंडाचा १४० आणि घोट्याचा ९८ आला तर भागाकार ०.७० येतो, आणि ०.९० किंवा त्याखालचा कोणताही आकडा पायाच्या धमन्यांत रोग असल्याचे सांगतो. पायात रोग असलेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही सहसा सुटलेल्या नसतात. अशा माणसाचा दहा वर्षांतल्या मृत्यूचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. दीर्घकाळचा मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन आकडा १.४० च्या वर जातो आणि फसवू शकतो, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा, दिवसाला तंबाखूच्या दोन पुड्या आणि बिडीचे बंडल संपवणारा पन्नाशीचा कामगार डोळ्यांसमोर आणा. चौकापर्यंत चालले की त्याच्या पोटऱ्या भरून येतात, दोन मिनिटे टपरीपाशी थांबले की मोकळ्या होतात, पुन्हा चालले की पुन्हा भरतात. तो याला वाताचा त्रास म्हणतो, मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो, बायको रात्री तेल चोळते. ही खूण धमनीरोगाची आहे हे ओळखणारा माणूस त्याच्या वाटेवर कुठेच उभा नसतो. दहा-पंधरा मिनिटांत, एका परिचारिकेच्या हातून होणारी तपासणी त्याला रोग आहे का ते सांगू शकते, आणि पुढच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या गोळ्याही दुर्मीळ किंवा महाग नाहीत. माझा आग्रह आहे तो या माणसासाठी.

आता सर्वांत साध्या तपासणीकडे, म्हणजे रक्तदाबाकडे येऊ. ती साधी आहे म्हणून तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. नियम असा आहे की माणसाने पाच मिनिटे बसलेले असावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला, दंड उघडा, पट्टा दंडाच्या मापाचा, लघवी तुंबलेली नसावी आणि मोजताना कुणी बोलू नये. प्रत्यक्षात जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला उभ्या-उभ्या स्टुलावर टेकवून, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून, हात अधांतरी ठेवून आणि "काय होतंय?" असे विचारत दाब मोजला जातो. तालमीत घुमलेल्या जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, आणि या गावात तसे दंड काही कमी नाहीत. एका वाढलेल्या आकड्यावर गोळी सुरू करणे जसे चूक, तसेच "धावपळीमुळे वाढला असेल" म्हणून तो सोडून देणेही चूक. दोन वेगवेगळ्या दिवशी, नीट मोजून, १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर उपचार हवा.

आणि रक्तदाब मोजला की उरलेली चाळणी वहीपेनाने होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या २१ विभागांसाठी धोक्याचे तक्ते सुधारून दिले. दक्षिण आशियाच्या तक्त्यात वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे गुणोत्तर एवढ्या पाच गोष्टी घातल्या की दहा वर्षांतल्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा अंदाज मिळतो, रक्ताची एकही तपासणी न करता. कोल्हापूरसाठी या तक्त्याला तीन पुरवण्या जोडायला हव्यात असे मला वाटते. तक्ता धूम्रपान विचारतो, पण कागल-निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात आणि एकूणच आपल्या खेड्यांत तंबाखू मळून खाल्ली जाते, आणि बायका मिश्री लावतात. मिश्रीला व्यसन मानायची पद्धत नसल्यामुळे "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या मनापासून नाही म्हणतात. दुसरी पुरवणी पोटाच्या घेराची: भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते आणि ती मोजायला शिंप्याची टेप पुरते. तिसरी पुरवणी बाळंतपणाची. गरोदरपणात ज्या बाईचा रक्तदाब वाढला होता किंवा साखर वाढली होती, तिला पुढे हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ही नोंद तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर वीस वर्षांपूर्वीच झालेली असते, आणि चाळिशीत ती दम लागतो म्हणून आली तर ते कार्ड कुणी मागत नाही. बायकांच्या छातीतल्या दुखण्याला थकवा, ॲसिडिटी, मनाचे खेळ अशी नावे देण्याची सवय घरांत आहे तशी दवाखान्यांतही आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. डेन्मार्कचे पुरुष ६५ च्या पुढचे होते, आपल्याकडे रोग त्याच्या दहा-बारा वर्षे आधी येतो, मग तिथले निष्कर्ष इथे कसे लावायचे? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की आपली चाळणी लवकर सुरू झाली पाहिजे. ती मोठ्या यंत्राने सुरू झाली पाहिजे असे त्यातून निघत नाही. उलट वय जितके कमी तितका रोग विरळ, आणि रोग जितका विरळ तितके खोटे पॉझिटिव्ह जास्त, हे गणित आपण वर पाहिलेच आहे. दुसरा आक्षेप असा घेतला जातो की माणूस स्वतःच्या पैशाने तपासतो, त्यात इतरांनी का बोलावे. स्वतःच्या पैशाने करावे, जरूर करावे. पण प्रत्येक पॅकेजच्या पत्रकावर ही तपासणी काय सांगू शकत नाही आणि कुणासाठी तिची शिफारस नाही, हे मराठीत, ठळक अक्षरांत छापण्याचे बंधन असले पाहिजे. ईसीजी नॉर्मल आला म्हणून तंबाखू चालू ठेवणारी माणसे पाहिली की हा ग्राहकहक्काचाही प्रश्न आहे याची खात्री पटते.

सरकारचा पैसा आज कुठे जातो ते पाहा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिलेली जन आरोग्य योजना अँजिओप्लास्टी आणि बायपासचा खर्च उचलते. तिने हजारो कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे आणि ती टिकली पाहिजे. २०१७ साली औषधलेपित स्टेंटची किंमत सुमारे ३० हजार रुपयांवर रोखली गेली, हाही चांगलाच निर्णय होता. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर जागी होते. ज्या गोळ्यांमुळे दाखल होण्याची वेळच टळली असती, त्या गोळ्या आरोग्य केंद्रात या महिन्यात आहेत आणि पुढच्या महिन्यात नाहीत, अशी स्थिती असेल तर आपण एकाच रोगावर चुकीच्या टोकाला पैसा ओततो आहोत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची असे असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लिहिलेले आहे, आशाताई घरोघर जाऊन त्याचा अर्जही भरतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम देशात २०१७ साली सुरू झाला त्यात जवळचे सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्याची सूत्रे साधी आहेत: सगळ्यांसाठी ठरलेला औषधक्रम, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, आलेल्या-न आलेल्या रुग्णाची नोंद, आणि न आलेल्याला फोन. या सूत्रांत भर घालून कोल्हापूर जिल्हा परिषदेने आणि कोल्हापूर व इचलकरंजी या दोन्ही महानगरपालिकांनी प्रत्येक केंद्रात तीन मापांचे पट्टे, धोक्याचा मराठी तक्ता आणि तालुक्याला किमान एक डॉप्लर पेन व ते वापरता येणारी परिचारिका द्यावी. मधल्या धोक्याच्या माणसांना कॅल्शियम स्कॅनसाठी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात चिठ्ठीवर पाठवण्याची सोय असावी, म्हणजे स्कॅन पैशाच्या क्रमाने न होता धोक्याच्या क्रमाने होईल. हा खर्च फार नाही, आणि तो दाखल रुग्णांवरच्या खर्चातून वजा करून पाहिला तर आणखी कमी वाटेल.

तरुण मंडळांकडेही एक मागणी आहे. शिबिराची परवानगी देताना ईसीजीचे यंत्र आहे का हे विचारण्याऐवजी, ज्यांचा रक्तदाब वाढलेला सापडेल त्यांची यादी कोणत्या केंद्राकडे जाणार आणि महिन्याभराने त्यांच्याकडे कोण जाणार, हे लिहून घ्यावे. पेठेतल्या प्रत्येक घराची कुंडली ठाऊक असलेली, वर्गणीसाठी दारोदार फिरणारी कार्यकर्त्यांची फौज या कामाला जितकी योग्य आहे तितकी कोणतीही सरकारी यंत्रणा होऊ शकत नाही. कुणी गोळी सोडली, कुणाचे बिडीबंडल पुन्हा सुरू झाले, हे त्यांना गल्लीत उभे राहूनच कळते.

सर्वांत अवघड भाग शेवटी राहतो तो फिरत्या माणसांचा. गळीत हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या जिल्ह्यात येतात, फडात पाल टाकतात आणि चार-पाच महिन्यांनी जातात. गावाकडच्या केंद्रात रक्तदाबाची गोळी सुरू झालेली बाई इथे आली की तिची गोळी तुटते, इथे सुरू झाली तर परत गेल्यावर तुटते. चंदगडचा माणूस उपचाराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ म्हणून तिकडे जातो आणि त्याची नोंद दुसऱ्या राज्यात राहते. साखर कारखान्यांनी टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात तिशीपुढच्या प्रत्येक तोडणी कामगाराचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, हंगाम संपेपर्यंतच्या गोळ्या फडाजवळच्या केंद्रातून महिन्याच्या महिन्याला मिळाव्यात आणि टोळी परतताना दोन महिन्यांचा साठा व नोंदीचे कार्ड प्रत्येकाच्या हाती द्यावे. मुकादमाशी होणाऱ्या करारात उचल आणि वाहतूक यांची कलमे असतात, तिथे हे एक कलम पुढच्या हंगामापासून घालता येईल, आणि साखर आयुक्तालयाने तसे परिपत्रक काढावे अशी मागणी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी गळीत सुरू होण्याआधीच केली पाहिजे.